गादी घेऊन डोंगरावर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दगडाला कामांची कमतरता नाही. तो धुऱ्यावर रचायचा, टिनाचं छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवायचा, उतारावर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला लावायचा, बोरं पाडायला भिरकवायचा. यातल्या कशातच बसणार नाही इतका मोठा निघाला तर त्याला शेंदूर फासायचा आणि वर्षातून एकदा समोर नारळ फोडायचा. या शेवटच्या वर्गातल्या दगडांची प्रकृती सगळ्यात ठणठणीत राहते. रस्ता रुंद करायला आलेला कंत्राटदारसुद्धा त्यांना नमस्कार करून वळसा घालतो.

दगडावर चढायचं, खाली उतरायचं आणि परत त्याच दगडावर चढायचं, हे काम मात्र त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते घेऊन माझा भाचा डिसेंबरात पुण्याहून आला.

भाचा हिंजवडीत संगणकावर काम करतो. बसून बसून पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला थोडी हालचाल ठेवा म्हणून सांगितलं. आमच्या पिढीत एवढ्या सल्ल्यावर माणूस जेवणानंतर चार चकरा मारून यायचा. भाचा एका क्लाइंबिंग वॉलवर जाऊन नाव नोंदवून आला. तिथे प्लायवूडच्या भिंतीला प्लास्टिकचे रंगीबेरंगी खुंट ठोकलेले असतात आणि ते पकडून माणसं वर जातात. वर काही नसतं. काही दिवसांनी त्याला साक्षात्कार झाला की हे सगळं नकली, खरा खडक वेगळाच. मग मुंब्र्याचे दगड झाले, हंपीचे झाले, आणि जगात पाहण्यासारखे दगड कुठे उरलेत याचा विचार करता करता त्याला मामाचं गाव आठवलं.

ट्रॅव्हल्सच्या गाडीतून तो सकाळी सकाळी उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर घडी केलेली जाडजूड गादी होती. त्याची मामी दारात उभी होती. पाहुणा स्वतःचं अंथरूण घेऊन येतो याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो.

"मागच्या खेपेला ढेकूण चावले होते का रे?" तिने विचारलं.

"मामी, ही झोपायची गादी नाही. पडायची आहे."

"दोन्हीत फरक काय?"

याचं उत्तर भाच्याने जमिनीवर गादी उलगडून, छातीपर्यंत हात नेऊन आणि तोंडाने धप्प असा आवाज काढून दिलं. तेवढ्यात शेजारचे काकाजी कुंपणावरून डोकावले. काकाजींची हयात कापसात गेली आहे. त्यांनी आत येऊन गादी अंगठ्याने दाबली, कडेची शिवण पाहिली आणि विचारलं, "कापूस कोनता भरला हाय?"

"कापूस नाही काका, फोम आहे. वरचा थर कडक, खालचा मऊ. पडलं की धक्का वाटून घेतो."

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी किंमत विचारली. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव होता, आणि ही गादी त्याहून महाग निघाली. कापसाच्या जिल्ह्यात, ऐन वेचणीच्या दिवसांत, एका क्विंटलहून महागाची गादी येते आणि तिच्यात बोंडभरही कापूस नसतो, हे त्यांना फार लागलं. "पडाचंच हाय तर कापसावर पडा ना बाप्पा," ते म्हणाले. "आमी दरसाल पडतोच."

तर भाच्याच्या या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. ते म्हणजे काय, हे मला समजलं तेवढं सांगतो. पुरुष-दीड पुरुष ते दोन-तीन पुरुष उंचीचा दगड शोधायचा. दोर, हुक, शिरस्त्राण यातलं काही घ्यायचं नाही. पायात दोन नंबर लहान बूट घालायचे, म्हणजे बोटं आखडून पुढे टोक येतं आणि ते गव्हाच्या दाण्याएवढ्या कंगोऱ्यावरही टेकतं. हे बूट चावावेत म्हणूनच घेतलेले असतात. दुकानदाराकडे जाऊन 'चावत नाहीत' अशी तक्रार करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. कमरेला पांढऱ्या भुकटीची पिशवी बांधायची. खाली गादी टाकायची. आणि दगडाच्या ज्या बाजूने चढता येणार नाही असं डोळ्यांना स्वच्छ दिसतं, त्या बाजूने चढायचं.

मागून वाट असते. जवळजवळ प्रत्येक दगडाला असते. तिथून शेळ्या जातात, पोरं जातात, सरपणाची मोळी घेतलेली म्हातारीही जाते. चढणारा माणूससुद्धा वर पोचल्यावर मुकाट्याने त्याच वाटेने खाली येतो. पण वर जाताना ती वाट नाही असं सगळ्यांनी मानायचं असतं. सोपी वाट उघडी असताना अवघड बाजूने जायचं, हे तत्त्व मी याआधी फक्त कचेऱ्यांत राबवलेलं पाहिलं होतं. तिथे गादी मात्र नसते.

हे खूळ निघालं पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलातून. तिथे झाडांमध्ये वाळूच्या दगडाचे असंख्य धोंडे पसरलेले आहेत. जंगल इतकं देखणं की चित्रकारांनी तिथे मुक्काम ठोकले, झाडं तोडण्यावरून आरडाओरडा केला आणि 1861 मध्ये सम्राटाकडून जंगलाचा एक भाग चक्क चित्रं काढण्यासाठी राखून घेतला. वनखात्याच्या इतिहासात इतकं निरुपयोगी आणि इतकं चांगलं कारण दुसरं नसेल. पुढे आल्प्सला जाणारे गिर्यारोहक या धोंड्यांवर सराव करायला लागले, कारण आल्प्स लांब आणि रविवार एकच. त्यांतल्या पिएर आलँ या गृहस्थाने 1930 च्या दशकात रबरी तळव्याचे बूट करून पाहिले. बूट चिकटायला लागले, धोंडे आवडायला लागले, आणि काही मंडळी आल्प्सला जायचंच विसरली.

अमेरिकेत हे खूळ जॉन गिल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने रुजवलं. गिल जिम्नॅस्ट होता. रिंगवर लोंबकळताना हात घसरू नये म्हणून जिम्नॅस्ट जी मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी लावतात, ती त्याने 1950 च्या दशकात दगडावर नेली. 1969 मध्ये त्याने अमेरिकन गिर्यारोहकांच्या वार्षिकात लेख लिहून मांडलं की लहान दगडावर चढणं हा डोंगराचा सराव नव्हे, ती स्वतंत्र कला आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे. खडूशी माझाही जन्माचा संबंध. पण तो हाताला लावून कुठे चढून जावं, असं एकदाही सुचलं नाही. आमच्याकडे खडू फार तर मागच्या बाकाकडे जायचा.

दगड किती अवघड, हे मोजायचीही पद्धत आहे. टेक्सासात ह्युको टँक्स नावाची जागा आहे. तिथल्या दगडांवर जॉन शर्मन या चढाईबहाद्दराने 1991 मध्ये मार्गदर्शिका छापली आणि प्रत्येक चढाईला व्ही-शून्य, व्ही-एक असे क्रमांक दिले. त्यातला 'व्ही' शर्मनच्याच टोपणनावातला. पुढे आकडा व्ही-सतरापर्यंत गेला. त्या अवघडपणाची जगातली पहिली चढाई फिनलंडमधल्या एका धोंड्यावर 2016 मध्ये नाले हुक्काताइव्हल याने केली. उंची आमच्या घराच्या पत्र्याएवढी, हालचाली मोजक्या, आणि त्यासाठी तो काही वर्षं त्या एकाच दगडाशी झटत होता. हे मी काकाजींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "गोटा कोनाच्या वावरात होता?"

यवतमाळच्या माणसाला खरा प्रश्न कुठला ते बरोबर कळतं.

महाराष्ट्राचंही यात बऱ्यापैकी नाव आहे. मुंबईची गिरिविहार ही संस्था 1954 पासूनची. तिच्या मंडळींनी धडपड करून 2016 मध्ये विश्वचषक मालिकेतली बोल्डरिंगची फेरी नवी मुंबईत भरवली, तीही मे महिन्यात. थंड देशांतून आलेली ती पोरं-पोरी खाडीकाठच्या त्या घामट हवेत कृत्रिम भिंतीला चिकटून राहिली, हे माझ्या मते व्ही-सतरापेक्षा जास्त आहे. टोकियोपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. पॅरिसला 2024 मध्ये बोल्डरिंग आणि दोराची चढाई मिळून एक पदक होतं, लॉस एंजेलिसला 2028 मध्ये दोन्हींची वेगळी पदकं असतील. 'ऑलिम्पिकमध्ये आहे' असं भाच्याने म्हटल्यावर मामीचा विरोध मावळला. तिने गादीवरची धूळ झटकून ती दिवाणाखाली सरकवली.

आता दगड शोधायचा होता. भाच्याला नुसता दगड नको होता. त्याला डोंगर हवे होते, जंगल हवं होतं, मागे फोटोत सूर्योदय येईल अशी मोकळी दिशा हवी होती. मी म्हटलं टिपेश्वर. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य, 148.63 चौरस किलोमीटरचं, टेकड्या-दऱ्यांचं, सागाचं. टिपाई देवीच्या नावावरून नाव पडलेलं. सकाळच्या जिप्सीत आम्ही बसलो. बरोबर नागपूरचं एक कुटुंब होतं, कॅमेऱ्यासकट. त्यांना वाघ बघायचा होता, भाच्याला दगड. गाडी एका वळणावर आली आणि भाचा ताडकन उभा राहिला.

"थांबा! थांबा! डावीकडे!"

गाडी थांबली. नागपूरच्या काकांनी श्वास रोखून कॅमेरा उचलला, काकूंनी मुलाच्या तोंडावर हात ठेवला. गाइड दबक्या आवाजात म्हणाला, "कुठं?"

"तो काय, पळसाच्या मागे. काय ओव्हरहँग आहे!"

गाइडने पळसामागे पाहिलं. धोंडा होता, हलत नव्हता. पुढच्या फेरीत असे चार-पाच ओव्हरहँग, म्हणजे पुढे झुकलेले धोंडे, निघाले आणि नागपूरच्या काकांनी आमच्याकडे पाहणं सोडून दिलं. परतताना भाच्याने गाइडला विचारलं की पाचच मिनिटं उतरून हात लावून येऊ का? गाइडने समजावलं, अभयारण्यात गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. टाकायचाच असेल तर आपल्याला नियम सांगणारा मी एकटाच नाही, दुसरेही आहेत, ते चार पायांचे आहेत आणि बोलत नाहीत.

अर्थात इथल्या वाघांनाही टिपेश्वर पुरत नाही. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ इथून निघाला आणि तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत, तेराशेच्या वर किलोमीटर पायपीट करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शास्त्रज्ञ म्हणाले, हद्द आणि जोडीदारीण शोधत गेला असावा. जिल्ह्यात बसून राहिलं तर स्थळ येत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असतं. वाघाने फक्त ट्रॅव्हल्सचे पैसे वाचवले.

अभयारण्य बाद झालं. मग आम्ही मोकळ्या रानांत हिंडलो आणि भाच्याला आमच्या भूगर्भशास्त्राने दगा दिला. हंपीला ग्रॅनाइट आहे. खरखरीत, जुना, हात ठेवला की धरून ठेवणारा. आमच्याकडे बेसाल्ट. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि त्यातून दख्खनचं पठार झालं, यवतमाळ त्याच्या पूर्वेच्या अंगाला. ताजा बेसाल्ट पोलादी असतो. पण ऊन-पावसात तो कोपऱ्यांकडून कुजत जातो आणि कांद्याच्या पापुद्र्यांनी सुटतो. आत गोल गाभा राहतो, बाहेर टरफलं. भाचा मोठ्या विश्वासाने कंगोरा धरायचा आणि कंगोरा त्याच्याबरोबर खाली यायचा. एका टेकडीवर तर तो चढत गेला तसतसा दगड लहान होत गेला. आणखी दोन दिवस राहिला असता तर टेकडी उरली नसती आणि आमच्यावर गौण खनिजाचा दंड बसला असता.

वणीकडे जावं तर तिथे दगडाला चढाईसाठी सवड नाही. तिथे कोळसा निघतो, चुनखडी निघते. दगड वर यायच्या आत ट्रकमध्ये बसून रवाना होतो.

पण त्याच बाजूला शिबला-पार्डी आहे, आणि तिथे भाच्याची बोलती बंद झाली. 2021 मध्ये या गावाजवळ रस्त्याचं काम चाललेलं असताना जमिनीतून दगडी खांब उघडे पडले. षटकोनी, एकमेकांना चिकटून उभे. चंद्रपूरचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी ते पाहिले आणि सांगितलं की हे कुणी घडवलेले नाहीत, हा स्तंभाकार बेसाल्ट आहे. लाव्हाचा जाड थर सावकाश निवतो तेव्हा आकसतो. आकसताना भेगा पडतात, आणि सारखा ताण असला तर त्या भेगा साधारण एकशेवीस अंशांच्या कोनात मिळतात, म्हणजे वरून पाहिलं की षटकोन. मग जसजसं आतलं निवत जातं तसतशा त्या भेगा आत-आत उतरतात आणि खांब तयार होतात. इतकी वर्षं वर्गात फळ्यावर हाताने षटकोन काढला आणि एकदाही सहाही बाजू सारख्या आल्या नाहीत. इथे चिखलासारखा वाहिलेला लाव्हा, कंपास नाही, पट्टी नाही, आणि खांबच्या खांब सरळ.

मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, ती याच जातीची. सभोवती इमारती, डोक्यावर देऊळ, कडेने पायऱ्या. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर याच भावकीतला. 1906 मध्ये तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक झाला आणि त्याच्या भेगांत हात घालून माणसं आजही चढतात. आमचे खांब रस्त्याच्या कडेला. उंचीने फार नाहीत, पण वयाने कुणाला हार जाणारे नाहीत. मला वाटलं, आता हा गादी टाकणार. टाकली नाही. त्याने बोटाने एका खांबाची कड फक्त पाहिली, म्हणाला, "सुटे आहेत मामा. आणि असे परत तयार होणार नाहीत," आणि पाणी प्यायला गेला. पुण्यात राहून दगडाला हात लावण्याआधी विचार करणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

शेवटी दगड मिळाला तो शहराबाहेरच्या एका टेकडीच्या पायथ्याशी, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या वावरात. काळाभोर, पापुद्रे कधीच गळून गेलेला नुसता गाभा, दीड पुरुष उंच. पुढची बाजू पोट काढून बाहेर आलेली. मागची बाजू उताराची, तिच्यावरून वाट. एका बाजूला हरभरा, एका बाजूला पऱ्हाटी. भाच्याने त्याच्याभोवती तीनदा प्रदक्षिणा घातली. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच आसपासच्या लोकांत अशी समजूत पसरली की इथे देव निघाला आहे.

गर्दी जमली. गुराखी होता, कापूस वेचायला आलेल्या बाया होत्या, टपरीवरून उठून आलेली तीन-चार माणसं होती आणि काकाजी, जे आमच्याबरोबर केवळ गादीवर लक्ष ठेवायला आले होते. भाच्याने खिशातून ब्रश काढला आणि दगडाच्या खाचा घासायला सुरुवात केली. धुळीने पकड सुटते.

"दात हायत का जी त्याले?" गुराख्याने विचारलं.

मग कमरेची पिशवी उघडून भाच्याने पांढरी भुकटी तळहातावर घेतली आणि दोन्ही हात चोळले. टपरीच्या मंडळींमध्ये हालचाल झाली. आमच्याकडे चोळण्याची दृश्यं एकाच कामात दिसतात आणि ते काम म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटायचा, तो तासभर घोटला तरी थोडाच. त्यातल्या एकाने पुढे होऊन मोठ्या आपुलकीने सांगितलं, "भाऊ, चुना बम झाला. तोंड फाटन."

भाचा चढला. म्हणजे दोन हात वर गेले, एक पाय गेला, दुसरा गेला नाही, आणि धप्प. काकाजींनी गादीकडे धाव घेतली. गादीला काही झालं नव्हतं. भाचा उठला, कडेला जाऊन बसला आणि बसूनच राहिला.

"झालं?" बायांनी विचारलं.

झालं नव्हतं. या खेळाचं मर्म मला इथे कळलं. दगडावर माणूस पंधरा-वीस सेकंद असतो. तेवढ्यात बोटांची ताकद संपते, आणि ती परत यायला पाच-दहा मिनिटं बसावं लागतं. सकाळभराचा हिशेब केला तर चढणं मूठभर आणि बसणं पोतंभर. त्या बसण्यात दगडाकडे बघायचं, इतरांनीही बघायचं, आणि कुठला हात कुठे, कुठला पाय कधी, यावर सगळ्यांनी मत द्यायचं. पुण्या-मुंबईचे लोक हे बसणं शिकायला पैसे भरतात. आमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या पारावर, टपरीवर, बँकेच्या पायरीवर फुकट चाललेलं आहे. फरक एवढाच होता की समोर दगड नव्हता. तो मिळाल्याबरोबर यवतमाळ जिल्ह्याची सुप्त गुणवत्ता उफाळून आली.

जो माणूस जन्मात शिडीच्या चौथ्या पायरीच्या वर गेला नसेल, तो उजव्या टाचेचा कोन सांगायला लागला. एकाने जमिनीवर काडीने आकृती काढली. दुसऱ्याने ती पुसून स्वतःची काढली. वाद पेटला, खर्रा फिरला, कुणीतरी चहा सांगितला. काकाजींचं म्हणणं पडलं की डाव्या हाताची खाच फसवी आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नये, व्यापाऱ्याचा सुरुवातीचा भाव असतो तशी ती आहे. भाचा पुन्हा चढला, डावी खाच पकडली आणि पडला. काकाजींनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

पडणाऱ्याच्या मागे हात वर करून एकाने उभं राहायचं असतं. त्याने झेलायचं नसतं, पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ गादीकडे वळवायची असते. भाचा हे दोन वाक्यांत समजावत होता, तेवढ्यात वेचणीवाल्या एका बाईने अर्ध्या वाक्यात उरकलं: "आंगावर नको घेऊ, गादीवर लोट." तिने आयुष्यात किती जणांना सावरलं असेल कोण जाणे, तिची पद्धत तयार होती.

दगड किती अवघड, यावरही चर्चा झाली. भाचा व्ही-चार म्हणाला. मंडळींनी क्रमांक नामंजूर केला, कारण त्यावरून काही बोध होत नाही. चहा येईपर्यंत यवतमाळची स्वतंत्र श्रेणी ठरली. सगळ्यात सोपी चढाई 'होते'. तिच्यावर 'होईन'. मग 'पाहू'. त्याच्या वर 'उद्या येजो'. आणि माणसाच्या ताकदीपलीकडची जी असते ती 'काय गरज हाय?'. फिनलंडचा तो धोंडा एकमताने शेवटच्या श्रेणीत गेला. आमचा दगड 'पाहू' आणि 'उद्या येजो' यांच्या मधला ठरला. माझ्या मते ही श्रेणी टेक्सासवाल्यांना कळवायला हरकत नाही. तिच्यात आकडे पाठ करावे लागत नाहीत आणि ती दगडाखेरीज इतर कामांनाही चालते.

उन्हं चढायला लागली. काळ्या दगडाला डिसेंबरातही दहानंतर चटका बसतो. मे महिन्यात त्याच्यावर कुरडया वाळतात. घाम आला की पकड जाते, म्हणून आता एकच चढाई शक्य होती. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला गुराखी बोलला.

"बुड मांगं राहून रायलं तुमचं. पोट गोट्याले लावा, मंग पायावर वजन येते."

भाचा त्याच्याकडे पाहत राहिला. क्लाइंबिंग वॉलवरच्या प्रशिक्षकाने त्याला हेच सांगितलं होतं, कंबर भिंतीला लाव म्हणून, पण इंग्रजीत सांगितल्यामुळे ते हातांपर्यंत पोचलं असावं, बुडापर्यंत नाही. गुराख्याचं ज्ञान मोहाच्या झाडावरचं होतं. झाडावर कंबर खोडापासून सुटली की माणूस फुलांच्या आधी खाली येतो.

भाच्याने पोट दगडाला लावलं. पाय टिकला. डावी खाच त्याने नुसती शिवून सोडली, उजवा हात वर कडेला गेला, गुडघा गेला, आणि तो वर. बायांनी टाळ्या वाजवल्या. टपरीवाल्यांनी काडीने काढलेल्या दोन्ही आकृत्यांपैकी कुठली बरोबर निघाली यावर ताबडतोब नवा वाद सुरू केला. भाचा वरून हात हलवून मागच्या वाटेने खाली आला, आणि तिथे त्याला वावराचा मालक भेटला.

"झालं का गुरुजी तुमच्या भाच्याचं?" त्याने मला विचारलं.

"झालं."

"मंग हा गोटा घेऊन जाता का? नांगराले आडवा येते. जेसीबीवाला तासाचे पैसे मोजते, आन्‌ सातबाऱ्यावर तेवढी जागा पोटखराब्यात गेली ते येगळंच."

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने मालकाला परोपरीने सांगितलं, हा दगड हलवू नका, फोडू तर मुळीच नका, हंपीला असल्या दगडांसाठी परदेशातून माणसं येतात, राहतात, जेवतात, पैसे खर्च करतात. मालकाने ऐकून घेतलं. मनात काही बेरीज केली. मग मोबाइल काढला. सरकारी ॲपवर पीक नोंदवायची रब्बीची ई-पीक पाहणी सुरू होती, हरभऱ्याची नोंद त्याने सकाळीच केली होती, दगडाची तेवढी राहिली होती.

"तुमी कंप्युटरवाले ना? हे भरून द्या बरं."

भाच्याने ॲप उघडलं. पिकांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यात दगडावर येणाऱ्या माणसांसाठी पर्याय नव्हता. शेवटी पडीक जमिनीचं पान निघालं. तिथे दोनच पर्याय होते, कायम पड आणि चालू पड.

"काय टाकू?" भाच्याने विचारलं.

मालकाने एकदा गादीकडे पाहिलं, एकदा भाच्याच्या कोपराकडे.

"कायम टाका," तो म्हणाला. "मी सकाळपासून धुऱ्यावरून पाहूनच रायलो."